ट्रक ड्रायव्हरचा भत्ता आणि इन्कम टॅक्स: या चुका टाळा

"शेठ, भत्त्याचे पैसे तर ढाब्यावरच संपतात. मग त्याच्यावर टॅक्स कसला?" कळंबोली, तळोजा, उरण फाटा या पट्ट्यात गाडीमालकांचे हिशेब लिहिणाऱ्याला हा प्रश्न दर मोसमात ऐकायला मिळतो. प्रश्न रास्त आहे. पण तुम्ही किती जेवलात हे टॅक्सवाले विचारत नाहीत. पैसे कोणी दिले, कोणत्या नावाने दिले आणि घेणारा नोकर आहे की गाडीचा मालक, एवढंच ते बघतात. भत्त्याच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका या तीनपैकी कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर चुकल्यामुळे होतात.

खालचे आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाचे, म्हणजे १९६१च्या कायद्याप्रमाणे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. त्यामुळे त्यापुढच्या कमाईसाठी हे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

उचल म्हणजे कमाई नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून यावर जरा थांबू. समजा गाडी कळंबोलीहून इंदूरला निघाली. मालकाने ड्रायव्हरच्या खात्यावर यूपीआयने ३५,००० रुपये टाकले. परत आल्यावर वहीत हिशेब मांडला जातो: डिझेल २६,४००, वराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) २,०००, काटा (गाडीचं वजन करण्याचे) ३००, पंक्चर ४००, पार्किंग ३००, खुराकी (रस्त्यावरच्या जेवणाचा भत्ता) पाच दिवसांची २,५००. एकूण ३१,९००, उरलेले ३,१०० परत. या सगळ्यात ड्रायव्हरच्या पदरात पडले ते खुराकीचे २,५००. बाकी मालकाचा खर्च, फक्त ड्रायव्हरच्या हातून झालेला.

बँकेच्या स्टेटमेंटला मात्र ही वही ठाऊक नसते. महिन्याला अशा चार फेऱ्या धरल्या तर वर्षाला १६ लाख ८० हजार रुपये ड्रायव्हरच्या बचत खात्यात जमा झालेले दिसतात. घराचं कर्ज काढून देणारा एजंट ते बघून खूश होतो आणि "एवढं उत्पन्न आहे, मस्त रिटर्न भरू" म्हणतो. मग ज्याच्या नावावर एकही गाडी नाही, अशा माणसाचं रिटर्न गाडीमालकासाठी ठरावीक उत्पन्न धरणाऱ्या ४४ एई कलमाखाली भरलं जातं. कर्ज मंजूर होतं की नाही ते पुढचं पुढे, पण प्राप्तिकर विभागाच्या नोंदीत तुम्ही ट्रान्सपोर्टर होऊन बसता. असं रिटर्न भरलं गेलं असेल तर मुदतीत सुधारित रिटर्न भरून ते दुरुस्त करा.

यावर उपाय फार साधा आहे. प्रत्येक फेरीच्या हिशेबाच्या पानावर मालकाची किंवा मुनिमाची सही घ्या आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पेट्रोल पंपाची आणि काट्याची पावती थर्मल, म्हणजे उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असते. ती डॅशबोर्डवर दोन महिने पडली की कोरी होते. त्यामुळे तिचाही फोटो त्याच दिवशी काढलेला बरा. शक्य असेल तर उचलीसाठी वेगळं खातं ठेवा आणि पगार वेगळ्या खात्यात घ्या. बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली तर बँक ती माहिती विभागाला कळवते. म्हणून मालकाची भाड्याची रोकड स्वतःच्या खात्यात भरून पुढे पाठवण्याचा उपकार ड्रायव्हरने करू नये.

सत्तर टक्क्यांची सूट आणि तिच्यातल्या फटी

नोकरीतल्या ड्रायव्हरसाठी कायद्यात खास सोय आहे. कलम १०(१४) आणि नियम २ बीबीप्रमाणे, वाहतुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्याला गाडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना होणाऱ्या वैयक्तिक खर्चासाठी भत्ता मिळत असेल, तर त्यातला ७० टक्के भाग करमुक्त असतो. मात्र महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. क्लीनरही पगारावर असेल तर त्यालाही हे लागू होतं. पण फक्त जुन्या, म्हणजे सुटी-वजावटी मिळणाऱ्या कररचनेत.

पहिली फट नावाची. ही सूट दैनिक भत्ता न घेणाऱ्यालाच मिळते, अशी अट नियमातच आहे. पगाराच्या चिठ्ठीवर कुणीतरी सवयीने 'डेली अलाउन्स' असं टाइप केलं की सत्तर टक्क्यांचा दावा लंगडा पडतो. दौऱ्यावरच्या दैनिक भत्त्याला वेगळी सूट आहे आणि ती नव्या कररचनेतही चालते, पण ती प्रत्यक्ष खर्च झाला तेवढ्यापुरतीच. शिवाय ज्याची ड्युटीच रस्त्यावर, त्याचा रोजचा प्रवास 'दौरा' मानायचा का, हा वाद उभा राहू शकतो. त्या भानगडीत सहसा पडू नये. भत्ता वेगळ्या ओळीत दाखवा आणि त्याचं नाव काय ठेवायचं ते वर्षाच्या सुरुवातीलाच मालकाशी बोलून ठरवा. मार्चमध्ये चिठ्ठ्या बदलून घेण्यात अर्थ नाही.

दुसरी फट महिन्याची. मर्यादा दरमहा आहे, वर्षाची सरासरी काढायची नाही. मे महिन्यात लांबच्या फेऱ्या लागल्या, २०,००० भत्ता मिळाला. त्याचे ७० टक्के १४,००० होतात, पण सूट १०,०००च. जूनमध्ये पाऊस, गाडी उभी, भत्ता ६,०००, सूट ४,२००. दोन महिन्यांची मिळून सूट १४,२००. बरेच जण दोन्ही भत्ते एकत्र करून २६,०००चे ७० टक्के, म्हणजे १८,२०० वजा करतात. ते चूक.

तिसरी गोष्ट: मालकाने फॉर्म १६ मध्ये (पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या दाखल्यात) सगळा भत्ता करपात्र पगारात धरला असेल तर हातपाय गाळू नका. जुनी कररचना निवडली असेल तर रिटर्न भरताना सूट स्वतः मागता येते. फक्त मालकाच्या लेटरहेडवर महिनावार भत्त्याचा तक्ता घेऊन ठेवा. फॉर्म १६ आणि रिटर्न जुळले नाहीत तर विचारणा येऊ शकते, आणि तेव्हा तो एक कागद पुरतो.

जेवणाच्या ५० रुपयांची सूट काही जण इथे आणून चिकटवतात. ती मालकाने कामाच्या जागी दिलेल्या जेवणासाठी किंवा फक्त खाण्याच्या ठिकाणी चालणाऱ्या कूपनसाठी आहे. हातात रोख मिळालेल्या खुराकीशी तिचा संबंध नाही. आणि ज्यांचा पुतण्या अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचे व्हिडिओ पाठवतो त्यांच्यासाठी: दिवसाला ८० डॉलर आणि त्यातले ८० टक्के वजा, हा हिशेब तिथला आहे. तिथेही तो स्वतःचा धंदा करणाऱ्या ड्रायव्हरलाच मिळतो, पगारी ड्रायव्हरला २०१८ पासून मिळत नाही. इंदूरच्या फेरीत तो कामाचा नाही.

सूट मिळते म्हणून जुनी कररचना?

ही चूक सगळ्यात महाग पडते. मुद्दाम मोठा आकडा घेऊ. केमिकल टँकरवरचा अनुभवी ड्रायव्हर, भत्ता धरून महिन्याला ८०,०००, त्यात भत्ता १५,०००. वर्षाचे ९ लाख ६० हजार.

जुन्या कररचनेत भत्त्याची सूट १ लाख २० हजार, प्रमाणित वजावट ५०,०००, वर ८० सी खाली पूर्ण दीड लाख गुंतवले. उरले ६ लाख ४० हजार. कर आणि उपकर मिळून ४२,१२० रुपये. (व्यवसाय कराचे २,५०० इथे धरले नाहीत.) नव्या कररचनेत भत्त्याची सूट नाही, ८० सी नाही, फक्त प्रमाणित वजावट ७५,०००. उरले ८ लाख ८५ हजार, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलत असल्यामुळे कर शून्य.

म्हणजे सत्तर टक्क्यांच्या मोहाने ४२ हजार भरायचे. २०२५-२६ साठी पगारदार माणसाचं वार्षिक उत्पन्न पावणेतेरा लाखांच्या आत असेल, तर भत्त्याच्या सुटीचा विचारच सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मग ती सूट कामाची कधी? उत्पन्न त्याच्या वर असेल आणि घरकर्जाचं व्याज वगैरे मोठ्या वजावटी असतील तेव्हा. किंवा मागच्या वर्षांची नोटीस आली असेल आणि त्या वर्षी जुन्या कररचनेतच रिटर्न भरलेलं असेल तेव्हा.

मात्र कर शून्य आला म्हणून रिटर्नला फाटा देऊ नका. वजावटींआधीचं उत्पन्न मूळ सूट-मर्यादेच्या वर असेल, नव्या कररचनेत ती ४ लाख आहे, तर रिटर्न भरावंच लागतं.

गाडी स्वतःची असेल तर

स्वतःच्या गाडीवर स्वतः ड्रायव्हिंग करणारा माणूस स्वतःलाच भत्ता देऊ शकत नाही. ठेवलेल्या ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता हा धंद्याचा खर्च. पण तुम्ही ४४ एईखाली रिटर्न भरत असाल तर तोही वेगळा वजा होत नाही. टायर, विमा, हप्त्यावरचं व्याज, घसारा, सगळं त्या ठरावीक आकड्यात आलं असं कायदा मानतो.

हा ठरावीक आकडा काढतानाच चूक होते. १२,००० किलोपेक्षा जास्त एकूण वजनाच्या गाडीला प्रत्येक टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरायचं. इथे टन म्हणजे आरसीवरचं (गाडीच्या नोंदणी दाखल्यावरचं) एकूण वजन, माल किती बसतो ते नव्हे. आरसीवर २८,००० किलो असेल तर महिन्याला २८,०००, वर्षाला ३ लाख ३६ हजार. "आपली गाडी अठरा टनाचीच" म्हणून अठराने गुणलं की १ लाख २० हजार कमी दाखवले जातात. हलक्या गाडीला महिन्याला सरसकट ७,५००. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना: २९ जानेवारीला गाडी घेतली तर जानेवारी धरायचा. गाडी गॅरेजमध्ये उभी होती, भाडं मिळालं नाही, हे चालत नाही. मालकीचे महिने मोजले जातात, चाललेले नाहीत. हप्ते बाकी असले तरी ताबा तुमचा म्हणजे मालक तुम्हीच.

प्रत्यक्षात यापेक्षा जास्त सुटले असतील तर ते दाखवायचे. कमी सुटले असं म्हणायचं असेल तर वह्या ठेवा आणि ऑडिट करून घ्या.

२८ टनाच्या तीन गाड्या वर्षभर असतील तर उत्पन्न १० लाख ८ हजार, नव्या कररचनेत कर नाही. चौथी आली की १३ लाख ४४ हजार, आणि उपकरासह कर ८४,८६४. चौथी गाडी घेऊ नका असं नाही, पण हे गणित ती घेण्याआधी करावं.

आणि दहाचा आकडा. वर्षात कोणत्याही एका वेळी दहापेक्षा जास्त गाड्या नावावर असतील तर ४४ एई मिळत नाही. जुनी विकायच्या आधी नवी नावावर केली, मधले चार दिवस अकरा गाड्या झाल्या, की ते अख्खं वर्ष वह्या लिहायच्या. अकरावी घेण्याआधी एकीचं नाव उतरवा. वह्या लिहिणाऱ्यांनी एकाच माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख देऊ नये, तो खर्च नाकारला जातो. गाडीभाड्यापोटी ट्रान्सपोर्टरला देताना ही मर्यादा ३५,००० आहे. ड्रायव्हरच्या भत्त्याला १०,०००चीच.

दहा किंवा त्यापेक्षा कमी गाड्या असणाऱ्यांनी ज्याच्याकडून भाडं मिळतं त्या कंपनीला पॅनसह लेखी घोषणापत्र द्यावं. मग १९४ सी खालचा टीडीएस (भाडं देतानाच कापला जाणारा कर) कापला जात नाही. ते दिलं नाही तर १ टक्का जातो, पॅनच नसेल तर २० टक्के. एक टक्का गेला असेल तर २६ एएसमध्ये (तुमच्या नावावर जमा कराच्या विभागाकडच्या तक्त्यात) दिसतो का ते बघा आणि रिटर्नमध्ये मागा. दिसत नसेल तर कापणाऱ्याच्या मागे लागा, पोर्टलवर तक्रार करून ती नोंद येणार नाही.

रिफंडचं आमिष

ट्रक टर्मिनलच्या चहाच्या टपरीवर "पाच हजार द्या, तीस हजार रिफंड काढून देतो" म्हणणारा भेटला तर त्याला आधार, पॅन आणि ओटीपी देऊ नका. तो घरभाडं, राजकीय देणगी, आजारपणाचा खर्च असं काहीही घालून मोकळा होतो. जुलै २०२५ मध्ये विभागाने अशा खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांवर देशभर छापे घातले. कारवाई एजंटवर झाली तरी रिटर्नवर नाव तुमचं असतं.

असं रिटर्न आधीच भरलं गेलं असेल तर नोटिशीची वाट न बघता सुधारित रिटर्नमध्ये ते दावे काढून टाका. ती मुदत उलटली असेल तर अपडेटेड रिटर्न भरता येतं. कर आणि व्याजावर जादा रक्कम लागते, पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के, पुढे ५०, ६० आणि ७०. मुदत कर निर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून चार वर्षं. विभागाने त्या वर्षाची चौकशी सुरू केली की हा रस्ता बंद होऊ शकतो, म्हणून एजंटने कोणत्या कलमाखाली काय मागितलं आहे, ते पोर्टलवर लॉगिन करून आजच बघून घ्या.