टेक्सासच्या काउंटीत कोणतं काम कुणाकडे न्यायचं

काम अडलं की कलेक्टर कचेरी गाठायची, ही आपली सवय टेक्सासमध्ये चालत नाही. इथल्या २५४ काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एकीलाही असा एक वरिष्ठ अधिकारी नाही. शेरीफ, काउंटी क्लार्क, टॅक्स असेसर-कलेक्टर हे सगळे चार-चार वर्षांसाठी वेगवेगळे निवडून येतात आणि कुणी कुणाच्या हाताखाली नसतं. काउंटी जज आणि चार कमिशनर मिळून ‘कमिशनर्स कोर्ट’ बनतं. नाव कोर्ट असलं तरी ते अंदाजपत्रक, काउंटीच्या कराचा दर आणि रस्ते-पूल पाहतं.

सर्वांत जास्त गल्लत घराच्या करात होते. असेसर-कलेक्टर कर गोळा करतात आणि गाड्यांची नोंदणी करतात, घराची किंमत ठरवत नाहीत. ती अप्रेझल डिस्ट्रिक्ट ही वेगळी संस्था ठरवते. साधारण एप्रिल-मेमध्ये तिची नोटीस येते. किंमत पटली नाही तर १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यांतल्या नंतरच्या तारखेपर्यंत हरकत घ्या. अर्जात ‘बाजारभावापेक्षा जास्त’ आणि ‘इतर घरांच्या तुलनेत असमान’ या दोन्ही कारणांवर खूण करा. एक सुटलं तर पुढे तो मुद्दा मांडता येत नाही. सोबत आसपासच्या तशाच घरांचे आकडे, पडझडीचे फोटो आणि दुरुस्तीचे अंदाजखर्च ठेवा. राहत्या घरासाठीची होमस्टेड सवलतही अप्रेझल डिस्ट्रिक्टकडेच मिळते आणि अर्ज फुकट असतो, त्यामुळे फी मागणाऱ्या खासगी पत्रांना भुलू नका. बिल ३१ जानेवारीपर्यंत भरायचं. १ फेब्रुवारीला ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज लागतं, आणि तेव्हा किमतीबद्दल तक्रार करायला फार उशीर झालेला असतो. करातला मोठा वाटा बहुधा शाळांचा असतो. तो दर स्कूल बोर्ड ठरवतं, काउंटी नव्हे.

खरेदीखताची नोंद आणि विवाहाचा परवाना काउंटी क्लार्ककडे. परवान्यासाठी दोघांनी स्वतः जायचं. तो मिळाल्यावर सर्वसाधारणपणे ७२ तास लग्न लावता येत नाही आणि ९० दिवसांनी तो बाद होतो. म्हणजे रविवारच्या मुहूर्तासाठी शुक्रवारी जाणं व्यर्थ. गुरुजींनी सही केलेला परवाना ३० दिवसांत क्लार्ककडे परत पोचला पाहिजे, हे आधीच ठरवून ठेवा.

घरमालक डिपॉझिट देत नसेल तर जस्टिस ऑफ द पीस या स्थानिक न्यायाधीशाकडे जा. २०,००० डॉलरपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि वकील लागत नाही. शेरीफकडे तुरुंग आणि मुख्यतः शहरहद्दीबाहेरचा बंदोबस्त. शहरातल्या चोरीची तक्रार शहर पोलिसांकडेच.

ज्युरीचं, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, समन्स आलं तर फेकू नका. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर ‘नागरिक नाही’ अशी खूण करून ते परत पाठवा. मात्र कुठल्याही अर्जातल्या मतदार नोंदणीच्या चौकटीत चुकूनही खूण करू नका. ती पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, प्रसंगी देशात राहण्याच्या हक्कातही आडवी येते.