सड्यावर बसून शिकारी पक्षी मोजायचे तर

मार्च उजाडला की हिवाळा आपल्याकडे काढलेले शिकारी पक्षी उत्तरेकडे परतायला लागतात. दलदली भोवते, पांढुरके भोवते (भोवत्या म्हणजे हॅरिअर), कैकर म्हणजे ऑस्प्रे, बहिरी ससाणे, एखादा बूटेड गरुड. आमच्या देवगडच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरून, हे जातात ते एकेकटे, फार तर दोघे-तिघे. इस्राएलमध्ये ऐलातला वसंतात थवेच्या थवे दिसतात. तसलं काही बघायला इथे येणारा पहिल्याच सकाळी कंटाळतो. इथली मोजणी विरळ असते आणि म्हणूनच ती काटेकोर लागते. सकाळभरात जेमतेम दहा पक्षी जात असतील आणि त्यातले तीन चुकीचे धरले, तर त्या कागदाला अर्थ उरत नाही.

कोकणात खरी अडचण पक्षी ओळखण्याच्याही आधीची आहे. कोण चाललाय आणि कोण इथलाच आहे? बंदरावर मासळी उतरली की घारी आणि ब्राह्मणी घारी दिवसभर घिरट्या घालतात. तीच घार तासात आठ वेळा डोक्यावरून जाते. समुद्री गरुडाचं जोडपं सुरूच्या बनातल्या घरट्यासाठी फेऱ्या मारत असतं. शिक्रा आणि सर्पगरुड तर बागेतलेच. म्हणून पहिले दोन-तीन दिवस मोजूच नका. नुसते बसा आणि आपल्या आभाळातले घरचे पक्षी पाठ करा: कोण कुठल्या झाडावर बसतो, कोणत्या वेळी बंदराकडे जातो, कोणाचं पीस तुटलंय.

मग एक रेघ ठरवा. आमची रेघ एका पवनचक्कीपासून पूर्वेच्या बागेतल्या उंच रायवळ आंब्यापर्यंत जाते. दक्षिणेकडून आलेला पक्षी ही रेघ ओलांडून उत्तरेला दिसेनासा झाला, तरच एक धरायचा. रेघ ओलांडून परत फिरला तर एक वजा. या एका नियमाने निम्मे वाद मिटतात.

बसायला सडा उत्तम, कारण चारी बाजू उघड्या असतात आणि कातळ लवकर तापतो. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते आणि रुंद पंखांचे पक्षी त्या हवेत गोल गोल फिरत पंख न हलवता उंची गाठतात. वर पोचले की पंख आखडून सरळ पुढे घसरतात, पुढच्या गरम हवेपर्यंत. गिरकी चालू असताना मोजू नका. पक्षी एकमेकांत मिसळतात आणि आकडा फुगतो. माथ्यावरून ते ओळीने बाहेर पडतील तेव्हा मोजा.

वेळ नऊ ते बारा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, कातळ तापेपर्यंत हालचाल कमी. दुपारकडे खारे वारे जोर धरतात, किनाऱ्याजवळची हवा गार होते आणि आमच्या सड्यावरून दिसणारे पक्षी आत, घाटाच्या बाजूला सरकतात. भोवते आणि ससाणे मात्र पंख मारत कधीही जातात, त्यांना गरम हवेची तेवढी गरज नसते.

आभाळ कसं बघायचं हे शिकवावं लागतं, विशेषतः मुलांना. दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२ पुरते. क्षितिजाला लावून डावीकडून उजवीकडे सावकाश न्यायची, मग दुर्बिणीत एका वेळी दिसतं तेवढं वर घेऊन उलट. निरभ्र निळं आभाळ सगळ्यात कठीण, कारण रिकाम्या निळाईत डोळ्याला धरायला काही नसतं आणि नजर आपोआप जवळ येते. दर थोड्या वेळाने लांबच्या डोंगराच्या कडेवर किंवा ढगावर नजर रोवायची आणि मग पुन्हा आभाळात जायचं. पांढरे ढग आले तर आनंद माना, त्यांच्यावर काळा ठिपका लगेच उठतो. पक्षी दक्षिणेकडून येतात म्हणून तोंड तिकडे, पण सकाळी ऊन डाव्या अंगाला असतं. दुर्बीण सूर्याजवळ नेऊ नका. मुलांना हे रोज सांगा, डोळा कायमचा जातो.

ओळखताना रंगाच्या मागे लागू नका, उन्हात सगळेच काळे. आकार बघा. भोवत्याचे पंख तरंगताना उथळ इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले, शेपूट लांब. कैकराचे लांब पंख मनगटात वाकलेले. ससाण्याचे टोकदार. घारीची शेपूट दुभंगलेली, ब्राह्मणी घारीची गोल. हे शेवटचं फार उपयोगी, कारण ब्राह्मणी घारीची पिल्लं तपकिरी असतात आणि नवखा माणूस त्यांना भलतंच नाव देतो. याच दिवसांत समुद्री गरुडाची तपकिरी पिल्लंही नुकती उडायला लागलेली असतात. पंख वर उचललेले आणि शेपूट आखूड, पाचरीसारखी दिसली की तो आपला घरचाच. पांढुरक्या आणि माँटेगूच्या भोवत्यांच्या माद्या आणि पिल्लं लांबून वेगळी करणं भल्याभल्यांना जमत नाही. तिथे ‘भोवत्या, जात नक्की नाही’ असं लिहा. ‘शिकारी पक्षी, ओळख नाही’ हा रकानाही ठेवाच. तो भरलेला असणं प्रामाणिकपणाचं लक्षण आहे, आणि जो कागद तिथे कोरा येतो त्याच्याकडे मी संशयाने बघते.

वय कळलं तर जरूर लिहा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथे माणसं शिकारी पक्ष्यांना गंमत म्हणून गोळ्या घालत. रोझली एज या बाईंनी १९३४ मध्ये तो डोंगर राखीव करून घेतला आणि तिथे मोजणी सुरू झाली. पुढे डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी वाढली तेव्हा तिथून जाणाऱ्या टकल्या गरुडांत (बाल्ड ईगल) लहान वयाचे पक्षी कमी होत गेल्याचं त्या नोंदींत दिसलं. मोठे पक्षी उडत होते, पण मागची पिढी येत नव्हती. नुसता एकूण आकडा असता तर हे उशिरा कळलं असतं. आपले भोवते मध्य आशियाच्या अफाट गवताळ मुलखात विखरून घरटी करतात, तिथे जाऊन सगळे मोजणं कोणाला शक्य नाही. वाटेवर बसलेल्या माणसालाच ते जमतं.

दोघं बघणारे आणि एक लिहिणारा एवढी माणसं पुरतात. लिहिणाऱ्याने फक्त लिहायचं. दर तासाला नवी ओळ: वारा कुठून, ढग किती, लांबचा डोंगर दिसतो की धुरकट, किती डोळे बघत होते, आणि मग पक्षी. एकही गेला नसेल तर शून्य लिहा. कोरी जागा सोडली तर वाचणाऱ्याला तुम्ही बसलाच नव्हता असं वाटतं.

माणसं मिळवणं हे मात्र अवघड. ऐन एप्रिलात आंबा काढणी, प्रत्येकाच्या हातात झेला (आंबे काढायची जाळीची काठी) आणि घरात पेट्यांचा ढीग. म्हणून आम्ही आठवड्यातले दोनच दिवस धरले, तेच दिवस, तेच तीन तास. एकदा दिवसभर बसून पुढे पंधरा दिवस न येण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण ठरलेल्या वेळेचीच तुलना पुढच्या वर्षाशी करता येते. सोबत टोपी, बूट (कातळाच्या फटीत फुरसं असतं) आणि कोकमाचं सरबत भरपूर. सड्यावर सावली नाही.

सुरूच्या झाडावरचं समुद्री गरुडाचं घरटं लांबूनच बघा. खाली गर्दी केली तर पिल्लू वेळेआधी उडी मारतं. घरट्याची जागा मोबाइलवर टाकू नका.

नोंद त्याच संध्याकाळी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. एका जागेवरून केलेली मोजणी असं नोंदवून सुरुवातीची वेळ आणि किती वेळ बसलात ते द्या. कागद मात्र फेकू नका. तासाची वेगळी ओळ आणि वाऱ्याची दिशा त्यावरच राहते. एप्रिल संपला तरी मेचा पहिला आठवडा जमल्यास धरा. आफ्रिकेतून परतणारे अमूर ससाणे त्या सुमारास अरबी समुद्र ओलांडून येतात, तेव्हा एकाने तोंड पश्चिमेला करून बसायचं.