डिस्चार्जआधी रोटाकॅप ओढून दाखवायला सांगा

जळगाव-धुळ्याकडे कापसाच्या जिनिंगमध्ये राबलेले बाबा आणि चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आज्या धापा टाकत वॉर्डात येतात. बरं वाटलं की आपण रोटाकॅपची, म्हणजे श्वासाने ओढायच्या पावडरीच्या कॅप्सूलची, डबी हातात देतो. घरी गेल्यावर कॅप्सूल दिसली म्हणून ती सरळ पाण्याबरोबर गिळली जाते, आणि औषध फुप्फुसात पोचतच नाही.

म्हणून "समजलं ना आजी?" असं विचारू नका, मान डोलतेच. "करून दाखवा" म्हणा. श्वास आधी बाहेर सोडायचा, पण रोटाहेलरमध्ये, म्हणजे कॅप्सूल घालून ओढायच्या उपकरणात, नाही. ओलाव्याने पावडर चिकटते. मग ओठ घट्ट मिटून जोरात, खोल ओढायचा आणि जमेल तसा 10 सेकंद रोखायचा. आता उघडून बघा. कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायला लावा. फवारा मारणारा पंप असेल तर श्वास सावकाश घ्यायचा. दोन्ही वापरणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो.

ब्युडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंकायला सांगा, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. सोबतच्या नातेवाइकालाही हे सगळं तिथेच करून दाखवा.