अँटिफेरोमॅग्नेटमधलं मॅग्नेटोस्ट्रिक्शन मोजताय? या चुका टाळा

चुंबकत्वामुळे पदार्थाचा आकार किंचित बदलतो, ते मॅग्नेटोस्ट्रिक्शन. आणि ज्यात शेजारचे अणुचुंबक उलटसुलट दिशांना रोखून एकमेकांना रद्द करतात, तो अँटिफेरोमॅग्नेट. जानेवारीतली गोष्ट. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत एमएस्सीची विद्यार्थिनी कोबाल्ट ऑक्साइडच्या स्फटिकाला स्ट्रेन गेज (लांबीतला बारीक बदल मोजणारी पट्टी) चिकटवून बसली होती. नमुना तोच, गेज तोच, पण सकाळचा आणि दुपारचा आलेख काही केल्या जुळेना. गेज काढून पुन्हा चिकटवण्यात तिचे चार दिवस गेले. गेजचा दोषच नव्हता. खिडकीजवळच्या त्या टेबलावर सकाळी 15 अंश असायचे, दुपारी 26. कोबाल्ट ऑक्साइडचं नील तापमान, म्हणजे ज्याच्या वर अणुचुंबकांची ही उलटसुलट रचना मोडते ते तापमान, सुमारे 18 अंश सेल्सिअस आहे. सकाळी तिच्यासमोर अँटिफेरोमॅग्नेट होता, दुपारी तो उरलाच नव्हता.

म्हणून आधी वहीत तापमान लिहा. क्रोमियमचा हा उंबरठा 38 अंशांवर आहे, म्हणजे आपल्या एप्रिलमधल्या दुपारी तोही दगा देईल. निकेल ऑक्साइड मात्र जवळपास 250 अंशांपर्यंत टिकतं.

दुसरी चूक विचारातली आहे आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. ‘चुंबकत्वाची बेरीज शून्य, मग आकार बदलेलच कसा?’ रस्सीखेच आठवा. दोन्ही संघ तुल्यबळ असले की मधला रुमाल हलत नाही, पण दोराला हात लावून बघा, किती ताणलेला असतो! शेजारच्या स्पिनांमधली, म्हणजे अणुचुंबकांमधली, ओढ अणूंमधल्या अंतरावर अवलंबून असते. अंतर जरा बदलून ऊर्जा वाचत असेल, तर जालक, म्हणजे स्फटिकातली अणूंची मांडणी, तेवढं वाकतं. निकेल ऑक्साइड थंड होताना नील तापमानाखाली घनाच्या एका कर्णाच्या दिशेने किंचित आखडतं, कोपरे 90 अंशांपासून काही शतांश अंशांनी ढळतात. कोबाल्ट ऑक्साइड एका कडेच्या दिशेने आखडतं, खूप थंड केल्यावर एका टक्क्याच्या आसपास. लोखंडाचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन दशलक्षात काही दहा भाग असतं, हे शेजारी ठेवून बघा. इथे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र लावलेलंही नाही!

क्षेत्र लावल्यावर स्पिनांचा अक्ष त्याला काटकोनात जायला बघतो आणि डोमेनच्या (ज्यांत स्पिनांचा अक्ष एकच असतो अशा स्फटिकातल्या भागांच्या) सीमा सरकतात. अक्षाला ‘पुढे’ आणि ‘मागे’ सारखंच. त्यामुळे क्षेत्र उलटं केलं तरी लांबीतला बदल तोच येतो, आणि कमी क्षेत्रात तो साधारण क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढतो. सरळ रेषा शोधत बसू नका. कोबाल्ट फ्लोराइडसारख्या पिझोमॅग्नेटिक (दाबलं की चुंबकत्व येणाऱ्या) स्फटिकांत ती खरोखर मिळते, पण ते वेगळं घराणं. तुमच्या नमुन्यात चिन्ह उलटं होत असेल, तर आधी गेजच्या तारा तपासा. क्षेत्र बदलत असताना त्यांत व्होल्टेज तयार होतं. तारा एकमेकींना पीळ देऊन घ्या आणि क्षेत्र स्थिर करूनच वाचन घ्या.

राहिली उष्णता. विद्युतचुंबकाची कॉइल तापते आणि एका अंशाच्या वाढीनेही ऑक्साइड दशलक्षात दहाएक भाग फुगतं. शंका आली की क्षेत्र बंद करून पाहा. वाचन हळूहळू मागे येत असेल तर ती उष्णता. ते अडकूनच राहिलं तर बहुधा डोमेन सरकून तिथेच बसलेत. अशा वेळी नमुना नील तापमानापलीकडे तापवून पुन्हा सावकाश थंड करा. क्वार्ट्झच्या तुकड्यावर तसाच दुसरा गेज लावून तो शेजारी ठेवलात, तर गेजवर क्षेत्राचा स्वतःचा किती परिणाम होतो तेही कळतं.

त्या विद्यार्थिनीने पुढच्या सोमवारी नमुना 10 अंशांवर धरून ठेवला. सकाळचा आलेख दुपारच्यावर ठेवला, तर दोन्ही रेघा एकावर एक बसल्या.