पाळी लांबली तर: आधी तारीख, मग चाचणी

पाळी चुकली की मेडिकलमध्ये जाऊन ‘पाळी यायची गोळी’ मागण्याची सवय कर्नाटकातल्या निपाणी-खानापूरकडे अजून आहे. कृपा करून तसं करू नका. दिवस गेलेले असतील तर अशा गोळीने ते कळायला फक्त उशीर होतो. आणि गर्भपाताची गोळी स्वतःच्या मनाने घेतली, तर गर्भ अर्धवट पडून रक्तस्राव थांबत नाही, अशी वेळ येऊ शकते.

आधी नीट मोजा. अंगावरून जायला लागलं तो दिवस पहिला. तिथून पुढची पाळी सुरू होईपर्यंतचे दिवस म्हणजे तुमचं चक्र. २१ ते ३५ दिवस सर्वसाधारण. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत पहिली काही वर्षं ४५ दिवसही चालतात. तारीख दर महिन्याला तीच असायला हवी, हा हिशेबच चुकीचा: ३२ दिवसांचं चक्र असेल तर ५ जूननंतरची पाळी ७ जुलैला येणार. त्यापुढे आठवडा गेला, तर लांबली म्हणा.

संबंध आले असतील तर घरीच लघवीची चाचणी करा. कॉपर-टी असली, मूल न होण्याचं ऑपरेशन झालेलं असलं तरीही. बाळ अंगावर पीत असलं तरी पाळी परत यायच्या आधीच दिवस जाऊ शकतात. आशाताईंकडे किट मिळतं का विचारा, नाहीतर मेडिकलमधून आणा. सकाळची पहिली लघवी कोरड्या वाटीत घ्या, ड्रॉपरने गोल खळग्यात दोन-तीन थेंब टाका आणि पाच मिनिटांनी बघा. ‘सी’जवळ रेघ उमटली नाही तर किट वाया गेलं, दुसरं घ्या. ‘टी’जवळची रेघ फिकट असली तरी दिवस गेलेत असंच धरा. मात्र अर्ध्या तासाने दिसलेली पुसट रेघ मानू नका. ती वाळल्यामुळेही दिसते. एकच रेघ आली आणि पाळी नाहीच, तर आठवड्याने पुन्हा करा.

दिवस गेले नसतील, तर मागे वळून बघा. बीज बाहेर पडल्यावर साधारण १४ दिवसांनी पाळी येते. म्हणून कारण बहुतेक वेळा त्या आधीचं असतं. काल-परवाच्या तापाने पाळी लांबत नाही. तीन आठवड्यांपूर्वीचा डेंग्यू, पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) परीक्षेची जागरणं, कडक उपास, झपाट्याने घटलेलं वजन यांनी लांबते, कारण तेव्हा बीजच उशिरा तयार झालं.

जत्रेसाठी किंवा गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्या बंद केल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते. त्या गोळ्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही. पायाच्या शिरेत गुठळी झालेली असेल किंवा लिव्हरचा आजार असेल, तर डॉक्टरांना न विचारता त्या घेऊच नका. तातडीची गर्भनिरोधक गोळी पाळी आठवडाभर मागेपुढे करू शकते. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी मिळणाऱ्या ‘अंतरा’ इंजेक्शनने तर पाळी पूर्ण थांबूही शकते.

वारंवारच लांबत असेल, हनुवटीवर जाड केस, पुरळ, वाढतं वजन असेल, तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोश आणि हार्मोन बिघडण्याच्या आजाराची, शंका घ्यावी. थायरॉईडची टीएसएच ही रक्ततपासणी आणि प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हार्मोनची तपासणीही करून घ्या. पंचेचाळिशीनंतर पाळी जायची लक्षणंही असू शकतात, पण चाचणी तेव्हाही चुकवू नये.

पपई किंवा तीळ-गूळ खाऊन पाळी येईल याची वाट बघत महिने घालवू नका. तीन महिने पाळी नाही, किंवा १५ वर्षं झाली तरी पहिली पाळीच नाही, तर दवाखाना गाठा. एका बाजूला ओटीपोटात जोराची कळ, चक्कर, खांदा दुखणं, सोबत थोडं रक्त असेल, तर रात्र असली तरी लगेच निघा: गर्भ नळीत अडकलेला असू शकतो.

जाताना मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा, घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि वापरलेलं किट बरोबर न्या. समोरच्या डॉक्टरांना मराठी येत नसलं, तरी कागदावरच्या तारखा आणि पाकिटावरचं नाव त्यांना वाचता येतं.