जीनीमध्ये एफ८ चालतं, एफ९ अडतं : सी प्रोग्रॅममधली वर्गमुळाची एरर

लिनक्सवर सी शिकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी जीनी हा एडिटर मला अजूनही सर्वांत सोयीचा वाटतो. हलका आहे, प्रोजेक्ट बनवण्याची सक्ती नाही. अडचण आली ती अशी : मॅथ डॉट एच (गणिताच्या फंक्शनांची हेडर फाइल) घेतलेल्या प्रोग्रॅमला एफ८ने कंपाइल केलं की सगळं सुरळीत, एफ९ने बिल्ड केलं की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’, म्हणजे वर्गमुळाचं फंक्शन सापडलं नाही.

हेडर तपासला, जीसीसी हा कंपाइलर पुन्हा टाकला. अख्खी संध्याकाळ वाया. गोंधळ वाढायचं कारण म्हणजे वर्गमुळासाठी २५ हा आकडा थेट लिहिला तर बिल्ड होतं, व्हेरिएबल दिलं की नाही. स्थिर आकड्याचं वर्गमूळ जीसीसी स्वतःच काढून ठेवतो, गणिताची लायब्ररी लागतच नाही. व्हेरिएबल असलं की ती लागते, आणि ती जोडायचं काम कंपाइलमध्ये नाही, बिल्डमध्ये होतं.

उपाय :

१. फाइल आधी डॉट सी नावाने सेव्ह करा, नाहीतर सीच्या कमांड दिसणार नाहीत.
२. बिल्ड मेन्यू, त्यात सेट बिल्ड कमांड्स.
३. सीच्या गटातली ‘बिल्ड’ ही ओळ. ‘कंपाइल’ला हात लावू नका.
४. ओळीच्या अगदी शेवटी, फाइलच्या नावाच्या खुणेनंतर, एक जागा सोडून उणे चिन्ह, एल, एम जोडून लिहा. अक्षरे स्मॉल.
५. ओके, एफ९, मग एफ५.

हेच फाइलच्या आधी लिहिलं तर बऱ्याच ठिकाणी तीच एरर राहते, कारण लिंकर (लायब्ररी जोडणारा प्रोग्रॅम) डावीकडून उजवीकडे वाचतो. बिल्ड फसल्यावर एफ५ दाबू नका. जुनाच प्रोग्रॅम चालतो. सी प्लस प्लसला हे लागत नाही.