निवृत्तीनंतर कोकणात घर? आधी एक पावसाळा भाड्याने राहा

मुंबईतला फ्लॅट विकून रत्नागिरी-चिपळूणकडे जायचंय, पण बैठं घर घ्यावं की फ्लॅट हे ठरत नाही? जून ते सप्टेंबर तिथे भाड्याने राहा, तेही बैठ्या घरातच. भिंतींना आलेली ओल, पायऱ्यांवरचं शेवाळ, रात्रभर गेलेली वीज, गुडघाभर वाढलेलं गवत; सत्तरीत हे निस्तरणार कोण, ते तेव्हाच कळतं. झेपणार नसेल तर बाजारपेठेजवळचा फ्लॅटच बरा. तो बघताना:

१. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावेल का, टेपने मोजा.
२. वीज गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का, ते राहणाऱ्यांनाच विचारा, बिल्डरला नको.

तोवर मुंबईचं घर विकू नका. घरासाठी जागा घेणार असाल तर सातबारा आणि जागा बिनशेती (घर बांधण्यासाठी वापरता येणारी) असल्याची कागदपत्रं आधी बघा. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहसा घेता येत नाही.